माहीम प्रांताची हद्द व न्यायक्षेत्र : गॅझेटियर आणि बखर यांचें परीक्षण

उत्तर कोंकणांतील जुने कागद हाताळणारांस एक अडचण नेहमीं येते. कागदावर 'माहीम' असें लिहिलेलें असतें. परंतु तें माहीम कोणतें, गांव कीं प्रांत, आणि प्रांत असल्यास केवढा, हें कागद सांगत नाहीं. ज्यानें तो लिहिला त्यास तें सांगण्याची गरज नव्हती. पुढील काळच्या संग्राहकास ती गरज पडते, व ती तो बहुधा हाताशीं असलेल्या नकाशावरून भागवितो. आजचा तालुका पाहून तो कागदावर चिठ्ठी लावतो, आणि एका काळचा कागद दुसऱ्याच काळच्या सीमेंत कोंडला जातो. चूक लहान दिसते. पण तिच्यामुळें एकत्र असलेले रुमाल फुटतात, आणि एकदां फुटलेला रुमाल पुन्हा जुळविणें किती कठीण असतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

सातपाटीचें उदाहरण घ्यावें. हें कोळी लोकांचें मासेमारीचें मोठें बंदर मुरब्याच्या खाडीच्या दक्षिणेस आहे. त्याच्या दक्षिणेस लागून शिरगांव व तेथील किल्ला. आज हें गांव पालघर जिल्ह्यांतील पालघर तालुक्यांत मोडतें. १ ऑगस्ट २०१४ पूर्वीं तें ठाणें जिल्ह्यांत होतें. इंग्रजी अमलांत त्याचा तालुका माहीम. पेशवाईंत हा किनारा वसईच्या सुभ्याखालीं. आणि त्यापूर्वीं फिरंग्यांच्या वेळीं दमणच्या कक्षेंत. गांव जागचें हललें नाहीं, त्याचा दरबार मात्र उत्तरेस, दक्षिणेस व पूर्वेस फिरत राहिला. म्हणून 'हें गांव कोणत्या प्रांतांतील?' या प्रश्नास सर्व काळीं लागू पडेल असें उत्तर नाहीं. 'या किनाऱ्यावरील माणूस आपला तंटा घेऊन त्या काळीं कोठें जाई, आणि निवाड्यास कोण बसे?' असा प्रश्न केला म्हणजे मात्र उत्तर मिळूं लागतें. ज्या दोन ग्रंथांवर या प्रांताच्या अभ्यासकांची मुख्य भिस्त आहे ते, म्हणजे १८८२ चें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर आणि कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर, याच प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा आमचा हेतु आहे.

(१) गॅझेटियर

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचे तेरावा व चौदावा हे खंड ठाणें जिल्ह्याचे होत. त्यांतील मेहनतीविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. शेती, जाती, व्यापार, वजनेंमापें यांची जी माहिती त्यांत आहे ती दुसरीकडे एकत्र मिळत नाहीं. आमची तक्रार माहितीविषयीं नसून मांडणीविषयीं आहे.

ग्रंथ जिल्ह्याचा, म्हणून जो जिल्हा १८८२ सालीं होता त्याच चौकटींत मागील सर्व काळ बसविला आहे. डहाणू, माहीम, वाडें, वसई, भिवंडी, शहापूर, साष्टी, कल्याण, मुरबाड, कर्जत व पनवेल हे त्या वेळचे अकरा तालुके. ही चौकट स्वतः किती ताजी होती पाहा. १८१७ च्या जून महिन्यांतील पुण्याच्या तहानें उत्तर कोंकण कंपनीकडे आलें; पुढें त्यास दक्षिण कोंकणाचा कांहीं भाग जोडला गेला; १८५३ त कुलाब्याचें उपजिल्हापण निर्माण झालें व १८६९ त तो स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे गॅझेटियर छापलें गेलें त्या वेळीं जिल्ह्याची ती आकृति पुरतीं पंधरा वर्षांचीही नव्हती. तीच आकृति शिलाहारांच्या, गुजराथच्या सुलतानांच्या व पोर्तुगीजांच्या काळावर पांघरली गेली.

याचा परिणाम स्थलवर्णनाच्या खंडांत विशेष दिसतो. तेथें गांवें वर्णक्रमानें आलीं आहेत. माहीम आहे, तारापूर आहे, डहाणू आहे. पण दमण परराज्यांतील म्हणून त्या खंडाच्या कक्षेबाहेर. इतिहासाच्या प्रकरणांत पोर्तुगीज अमलाची हकीकत विस्तारानें दिली आहे हें खरें. परंतु जो संग्राहक एका गांवाच्या कागदापुरतें पुस्तक उघडतो तो स्थलवर्णनच पाहतो. माहीम व तारापूर यांचें मुख्य ठाणें सुमारें पावणेदोनशें वर्षें दमण हें होतें ही गोष्ट त्याच्या ध्यानांत ठसत नाहीं, आणि दमणच्या कागदांत माहिमाचा शोध घ्यावा असें त्याच्या मनांतही येत नाहीं.

दुसरें उदाहरण चिंचणी-तारापूरचें. हीं दोन गांवें इतकीं शेजारचीं कीं लोक त्यांचीं नांवें जोडूनच घेतात. परंतु तालुक्याची रेषा त्यांच्यामधून गेली : चिंचणी डहाणूकडे, तारापूर माहिमाकडे. ज्यांचा बाजार, बंदर व सोयरीक एक, त्यांचे कागद दोन तालुक्यांच्या दोन दप्तरांत गेले. गॅझेटियरानें ही रेषा ओढली नाहीं. पण ती जणूं भूमीच्या स्वभावांतच आहे असा समज मात्र त्याच्या मांडणीनें दृढ केला.

(२) बखर

महिकावतीची बखर हा याच्या उलट प्रकारचा ग्रंथ. गॅझेटियर बाहेरून पाहणाराचें, तर बखर आंतून बोलणारांची. तिचीं सहा प्रकरणें एका हातचीं वा एका काळचीं नाहींत. त्यांतील दुसरें व तिसरें हीं शके १३७० (इ. स. १४४८) चीं, केशवाचार्यांनीं रचलेलीं, मालाडचा देसला नायकोराव याच्या पुढाकारानें भरलेल्या मेळ्याचा व महाराष्ट्रधर्माचा उल्लेख त्यांतच येतो. बाकीचीं प्रकरणें नंतरचीं, आणि त्यांत निरनिराळ्या घराण्यांच्या आठवणी व हक्क मिसळले आहेत.

राजवाड्यांनीं बखर उजेडांत आणली हा उपकार मोठा. पण तिचा उपयोग करतांना दोन गोष्टी जपून घ्याव्या लागतात. पहिली, नांवाची. बखरींत माहिमें दोन आहेत : एक केळव्याशेजारचें, दुसरें मुंबई बेटावरचें, आणि बिंबराजांची कथा या दोहोंमधून वाहते. लोकांनीं 'केळवें-माहीम' हें जोडनांव रूढ केलें तें याच घोटाळ्यावरील उपाय म्हणून. परंतु बखरींतील प्रत्येक 'माहीम' वा 'महिकावती' कोणतें, हें त्या त्या प्रकरणाच्या संदर्भानें व लगतच्या गांवांच्या नांवांवरूनच ठरवावें लागतें. एकदां एका ठिकाणीं ठरविलेला अर्थ सर्व ग्रंथभर लावण्याची सोय नाहीं. त्याचप्रमाणें गांवांच्या व महालांच्या ज्या यादी तिच्यांत आहेत त्या सर्व एकाच सालच्या धरून त्यांवरून 'प्राचीन माहीम प्रांताचा नकाशा' काढणें हेंही चुकीचें. शके १३७० चा मजकूर व त्यानंतर शेंसव्वाशें वर्षांनीं लिहिला गेलेला मजकूर एकाच कागदावर नकलला गेला म्हणून त्यांचा काळ एक होत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रस्तावनेंत राजवाड्यांनीं असा सिद्धान्त मांडला आहे कीं, कोंकणांत पोटापुरतें अन्न सहज मिळत असल्यामुळें तेथील लोक राज्य कोणाचें याविषयीं उदासीन राहिले. राजे आले व गेले, गांवकरी आपल्या जागीं. या सिद्धान्ताचा पूर्वार्ध आम्ही मान्य करूं. उत्तरार्धाशीं मात्र आमचें जमत नाहीं. राजाविषयीं उदासीन असणें व न्यायाविषयीं उदासीन असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. खुद्द बखरच याचा पुरावा आहे. ती काय सांगण्यासाठीं लिहिली गेली? कोणतें कुळ कोणत्या वंशाचें, कोणास कोणतें वतन, मेळ्यांत मान कोणाचा, हेंच सांगण्यासाठीं. ज्यांस सत्तेचें कांहींच नव्हतें असे लोक पिढ्यानपिढ्या अशा नोंदी जपून ठेवीत नाहींत. सिंहासनावर कोण बसला याची चौकशी त्यांनीं केली नसेल. निवाड्याच्या बैठकींत आपली जागा कोठें, याची मात्र केली.

(३) चिंचणीचे ताम्रपट

कॅम्बेल व राजवाडे या दोघांच्याही हातीं नसलेलें एक साधन आज आपल्यापुढें आहे. १९५५ सालीं चिंचणी येथें ताम्रपटांचा एक संच सांपडला; डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं तो 'एपिग्राफिया इंडिका'मध्यें संपादिला. त्यांत राष्ट्रकूटांच्या काळचे व पुढें शिलाहारांच्या मांडलिकांचे लेख आहेत. पूर्वसूरींस जें उपलब्ध नव्हतें त्यावरून त्यांस दोष देणें न्याय्य नव्हे. पण त्यांचे सिद्धान्त त्यावर घासून पाहणें आपलें कर्तव्य आहे.

तिसऱ्या इंद्राच्या वेळच्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या लेखावरून असें दिसतें कीं, संयान म्हणजे संजाण येथें मंडलाचें मुख्य ठाणें होतें, आणि त्या मंडलाचा कारभार महंमद नांवाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, होता. लेखांत त्याचें नांव मधुमति असें संस्कृत रूप घेऊन येतें, व सुगतिप हें त्याचें दुसरें नांवही दिलें आहे. त्यानें नदीपार होण्यासाठीं विनामूल्य नावांची सोय केली व अन्नसत्र चालविलें, असें लेख सांगतो. या नावांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. नकाशा काढणारा खाडी दिसली कीं तेथें सीमा आंखतो. दहाव्या शतकांतील अधिकाऱ्यानें मात्र पाण्यावर नाव घातली. त्याच्या दृष्टीनें खाडी ही मंडल तोडणारी रेषा नसून मंडलांतील वाट होती. सातपाटी व मुरबें हीं खाडीच्या दोन तीरांवरचीं गांवें ज्यानें पाहिलीं असतील त्यास यांत नवल वाटणार नाहीं.

तिसऱ्या कृष्णाच्या वेळचा लेख तर आमच्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालतो. तो दानपत्र नसून 'व्यवस्था' आहे. संयान येथें भगवतीची मठिका होती. तेथेंच भिल्लमालदेवाचें देऊळ, म्हणजे भिनमाळाहून आलेल्या व्यापाऱ्यांचा देव. देवाच्या मालकीची जमीन मठिकेच्या वहिवाटींत होती. त्याबद्दल मठिकेच्या महापर्षदेनें देवास चाळीस द्रम्म 'श्रोतक' म्हणून देत जावे, असें ठरलें. राज्य राष्ट्रकूटांचें, देव मारवाडच्या वाण्यांचा, मठिका स्थानिक. आणि तंट्याचा शेवट पर्षदेच्या बांधिलकीनें झाला. राजवाड्यांच्या 'उदासीन' कोंकणांत पांचशें वर्षें अगोदर असा लेख तांब्यावर कोरून ठेविला जात होता, यावरून आमचें वरील म्हणणें वाचकांस पटेल अशी आशा आहे.

शिलाहारांच्या ताम्रपटांत कोंकण 'पुरीप्रमुख चौदाशें गांवांचें' असें येतें. ही भाषाही लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रांत सांगावयाचा तर मुख्य ठाणें व गांवांची संख्या सांगितली जाई. चारी बाजूंची रेषा नव्हे. चतुःसीमा सांगितल्या जात त्या दान दिलेल्या गांवाच्या वा शेताच्या. म्हणजे सीमा ही लहान गोष्टीची. मोठ्या गोष्टीचें लक्षण तिचें ठाणें.

(४) दमण, वसई, ठाणें

या नियमानें पुढील काळ पाहिला म्हणजे बरेच गुंते सुटतात. १५३४ त वसई व १५५९ त दमण पोर्तुगीजांकडे गेलीं. त्यांच्या उत्तरेकडील मुलुखाचे दोन भाग : वैतरणेच्या दक्षिणेचा वसईकडे, उत्तरेचा दमणकडे. माहीम, तारापूर, डहाणू, संजाण, अशेरी हीं सर्व दमणच्या भागांत. आंतोनियु बोकार्रु यानें १६३५ च्या सुमारास किल्ल्यांच्या आराखड्यांचा जो ग्रंथ सिद्ध केला त्यांत या लहान ठाण्यांचींही वर्णनें आहेत. कप्तान व ओविदोर म्हणजे राजाचा न्यायाधीश हे मुख्य शहरीं बसत. गांवांतील कारभार देसले, चौगुले, म्हात्रे यांच्या हातीं पूर्वीप्रमाणेंच चाले.

१७३९ च्या आरंभीं चिमाजी आपांच्या मोहिमेंत माहीम, केळवें, शिरगांव व तारापूर हीं एकामागून एक पडलीं; तारापुरावर बाजी भिवराव कामास आले; त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई हाताशीं आली. दमण मात्र फिरंग्यांकडेच राहिलें. यामुळें जें घडलें त्याची नोंद मोहिमेच्या इतिहासांत सहसा येत नाहीं. कारण तेथें लक्ष सुरुंग व एल्गार यांकडे असतें. पावणेदोनशें वर्षें या किनाऱ्याचा निवाडा ज्या दिशेस जात होता ती दिशाच उलटली. उत्तरेकडे तोंड असलेला मुलूख दक्षिणेकडे, वसईच्या सरसुभेदाराकडे, पाहूं लागला. म्हणून एकाच शेताचा १७३९ पूर्वींचा कागद दमणच्या अनुषंगानें गोव्याच्या पुराभिलेखांत, त्यानंतरचा पेशवे दप्तरांत, आणि १८१७ नंतरचा मुंबई सरकारच्या दप्तरांत, अशी वांटणी होते. डॉ. पिसुर्लेकरांनीं गोव्याचीं दप्तरें व रियासतकार सरदेसायांनीं पेशवे दप्तर यांचीं दारें उघडलीं. पण या दोन दारांतून आंत शिरून एकाच गांवाचा मागोवा घेण्याचें काम फारसें झालेलें नाहीं.

मराठी निवाडपत्र वा महजर पाहिला म्हणजे न्यायक्षेत्र कशास म्हणावें हें डोळ्यांपुढें उभें राहतें. आरंभीं हजर मजालसीची यादी : देशमुख, देशपांडे, गांवोगांवचे पाटील, शेटे, बलुते, शेवटीं त्यांच्या निशाण्या : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. शिवेचा वाद असल्यास शपथपूर्वक शीव चालून दाखविणारा मनुष्य. डॉ. वि. त्रिं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथांत अशा महजरांचा उपयोग कसा करावा याचा धडाच घालून दिला आहे. आमच्या मतें हजर मजालसींत ज्या ज्या गांवांचे लोक येतात तेवढें त्या वेळचें खरें न्यायक्षेत्र. तें कागदागणिक थोडें वाढतें, थोडें आटतें. त्यास नकाशावरील पक्की रेषा नाहीं म्हणून तें कमी खरें ठरत नाहीं.

इंग्रजी अमलांत रेषा आली, पण ती एक नव्हे. महसुलाचा तालुका एक. १८६९ च्या कायद्यानें नेमलेल्या दुय्यम न्यायाधीशांचें क्षेत्र निराळें, कित्येक ठिकाणीं एकाहून अधिक तालुक्यांचें. फौजदारीची वांटणी तिसरी. तालुका व न्यायक्षेत्र हीं तंतोतंत जुळत तीं मामलेदाराच्या कोर्टांत. १९०६ च्या कायद्यान्वयें शेतजमिनीचा ताबा, वाट व पाणी यांचे तंटे तेथें चालत, आणि १९५१ च्या कायद्यानें न्याय व कारभार यांची फारकत होईपर्यंत मामलेदार हाच दंडाधिकारीही असे. त्यामुळें सातपाटीच्या माणसास 'माहिमास जाणें' म्हणजे सारा भरण्यास जाणें व फिर्यादीस जाणें, असे दोन्ही अर्थ होते. पुढें रेल्वेवरील पालघराचें महत्त्व वाढलें, तालुक्याची कचेरी तेथें गेली व तालुक्याचें नांवही पालघर झालें. माहीम गांव राहिलें. माहीम तालुका केवळ कागदावर उरला.

अलीकडच्या फेरबदलांतही हेंच दिसतें. १ मे १९६० रोजीं उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजराथेंत गेला व राहिलेल्या गांवांतून तलासरी उभी राहिली. जुन्या मंडलाचें संजाण हें ठाणें असें दुसऱ्या राज्यांत पडलें. २०१४ त आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. पण महसुली जिल्हा जन्मला त्याच दिवशीं न्यायाचा जिल्हा जन्मला नाहीं. २०२०-२१ सालींही पालघरचे सत्र खटले ठाण्यास चालत होते. उद्यांचा संग्राहक त्या वर्षांतील निकालावर 'ठाणें' पाहून तो कागद पालघरबाहेर टाकील, तर तो आजच्याच चुकीची पुनरावृत्ति करील. नांवांचेंही तसेंच. तारापूर म्हटलें कीं आतां अणुवीजकेंद्र व बोईसरची औद्योगिक वसाहत आठवते, किल्ल्याचें गांव नव्हे. आणि त्या केंद्राच्या विस्तारासाठीं उठविलेलीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें नांवासह दुसऱ्या जागीं जाऊन बसलीं आहेत.

(५) निष्कर्ष

वरील परीक्षणाचें सार इतकेंच. गॅझेटियर आपल्या सालापुरतें प्रमाण मानावें, मागील काळाच्या सीमेसाठीं नव्हे. बखर हक्कांच्या स्मृतीसाठीं प्रमाण मानावी, एकसंध भूगोलासाठीं नव्हे. आणि या दोहोंहून मोठें प्रमाण त्या त्या कागदांतील निवाड्याच्या ठिकाणाचें व हजर असलेल्यांच्या यादीचें.

संग्राहकांस आमची विनंती अशी : चिठ्ठीवर प्रथम कागदांतील स्थळनाम जसेंच्या तसें लिहावें, नंतर निवाडा वा हुकूम कोठून सुटला तें ठाणें, नंतर हजर असलेल्यांचीं गांवें, आणि सर्वांच्या शेवटीं आजचा तालुका, तोही वर्षासह. 'माहीम, हल्लीं पालघर' एवढेंच लिहून थांबूं नये. आजच्या तालुक्यांप्रमाणें वांटणी करण्यासाठीं रुमाल कधींही फोडूं नये. चिंचणी व तारापूर यांचे कागद एकत्र सांपडले असतील तर ते एकत्र असण्यास कारण होतें.

शेवटीं एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पालघर-डहाणूकडील मच्छीमार आणि वसई-उत्तनकडील मच्छीमार यांच्यांत गेलीं कांहीं दशकें समुद्रांत रोवल्या जाणाऱ्या कवींच्या हद्दीवरून वाद चालत आला आहे. या वादांत सातपाटीचे लोकही आहेत. जेथें ना गांवाची शीव, ना तालुक्याची रेषा, अशा उघड्या पाण्यांत हद्द कोणती हें ते वहिवाटीवरून, पूर्वींच्या बैठकींवरून व जाणत्यांच्या साक्षीवरून सांगतात. या बैठकींचे ठराव, अर्ज व मागे-पुढें झालेले करार आजच गोळा करून ठेवावे. जमिनीवरील प्रांतांचे असे कागद पूर्वीं कोणी वेळेवर राखले असते, तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती.